बावन्न कोऱ्या हरकती

१

मोरखार नगरपंचायतीत त्या सोमवारी मी गेले होते ती भांडायला. आठ दिवस नळाला गढूळ पाणी येत होतं. ते बाटलीत भरून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटायचं, एवढाच माझा बेत. दुखरे गुडघे सांभाळत जिना चढले, तर केबिनमध्ये सगळे सुतकी चेहरे करून उभे.

टेबलावर कागदांचा गठ्ठा सुटलेला. आमचे मुख्याधिकारी विराज साहेब, वय जेमतेम तिशीचं, एकेक कागद उलटा-सुलटा करून बघत होते.

"अनसूयाकाकू, बरं झालं आलात!" ते म्हणाले. भांडायला आलेल्या बाईला कोणी बरं झालं म्हटलं की सगळा जोरच जातो. "तुम्ही रोह्याच्या कचेरीत चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय ना? हे जरा बघा."

मी बाटली खाली ठेवली आणि चष्मा लावला. कागदाच्या तळाशी निळा अंगठा होता. वर कोपऱ्यात आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक. मधे अक्षर नाही. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसराही.

"असे किती आहेत?"

"बावन्न."

प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कचराडेपो मीठपाड्याच्या खारात, खाडीकाठच्या पडीक जमिनीत, न्यायचा घाट होता, पाड्याच्या विहिरीपासून दीडशे पावलांवर. हरकतींची मुदत शुक्रवारी संपली होती आणि आज चार वाजता सुनावणी होती. पाड्यातल्या बावन्न घरांनी हरकत दिली होती. बाजारपेठेतल्या अकरा जणांचे अर्ज शाबूत होते, पण ते डेपोपासून कोसभर लांब राहणारे. ज्यांच्या दारात कचरा पडणार, त्यांचे कागद कोरे.

"यात बघायचंय काय?" खुर्चीत रेललेले नगरसेवक प्रविणशेठ म्हणाले. "मास्तरणीने कोऱ्या कागदांवर अंगठे घेतले. सवडीने लिहिणार होती, राहून गेलं. अडाण्यांना फसवायचे धंदे!"

मास्तरीण दारातच उभी होती. निशिगंधा, मीठपाड्याच्या शाळेतली बाई. तिनेच तीन दिवस पाड्यात बसून लोकांच्या हरकती लिहून दिल्या होत्या. "मी लिहिलंय," ती म्हणाली. "बावन्नच्या बावन्न."

तिच्यामागे काळुराम होता, पाड्यातला वडीलधारा. चाळीस वर्षं मिठागरात राबलेला माणूस. त्याने आपला कागद हातात घेतला, कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे बघितलं.

"बाय, आमचा लिवलेला कुठं गेला?"

मला काहीच कळेना.

"काकू," साहेब हळूच म्हणाले, "चारपर्यंत काही उलगडलं तर ठीक. नाहीतर मला 'मीठपाड्याची हरकत नाही' असंच नोंदवावं लागेल. आणि बाईंचं शिक्षण खात्याला कळवावं लागेल."

घड्याळात साडेदहा झाले होते.

२

पहिली शंका अदलाबदलीची. खरे कागद पळवले आणि कोरे ठेवले, असं असेल तर सोपं होतं. मी काळुरामचा अंगठा मागितला. मिठाच्या फावड्याने कधीकाळी कापलेला, मधोमध आडवी खूण. कागदावरच्या निळ्या ठशातही तीच आडवी रेघ. म्हणजे कागद तेच होते. अदलाबदल गेली उडत.

मग आवक-जावकच्या टेबलावर गेले. मनस्वी तिथली नवी कारकून, कंत्राटावर लागलेली, हमरापूरहून येणारी. शिक्का तिचाच होता आणि क्रमांकाचं अक्षरही तिचंच.

"शिक्का मारताना कागदावर मजकूर होता का गं?"

"मी वाचत बसत नाही, काकू. शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, कपाटात ठेवायचं."

"वाचू नकोस. पण भरलेला कागद आणि कोरा कागद यातला फरक आंधळ्यालाही कळतो."

"गर्दी होती खूप," ती म्हणाली. हे सगळं ती स्टेपलरशी बोलत होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी गठ्ठा घेऊन खिडकीपाशी बसले. रेकॉर्डच्या माणसाला एक खोड असते, कागद वाचण्याआधी तो हाताने चाचपतो. हे कागद कडक लागत होते, कडा किंचित वळलेल्या. पावसाळ्यात आमच्या कोकणात कागद मऊ पडतो, नोटसुद्धा दमट लागते. आणि हे पापडासारखे कुरकुरीत! कडांना पांढरी भुकटी लागलेली. ती मी पदराला पुसली आणि पुढे गेले, कारण तेवढ्यात बोटांना दुसरंच काही लागलं होतं.

कागद पालथा केला आणि डोळे मिटून बोट फिरवलं. खाचा होत्या. ओळीमागून ओळ, अगदी बारीक, पेनाच्या टोकाच्या खाचा. पाच कागद बघितले, दहा बघितले. सगळ्यांना होत्या.

अगं बाई! म्हणजे निशिगंधा खरं बोलत होती, या कागदांवर लिहिलेलं होतं. पाण्याने धुतलं म्हणावं तर अंगठ्याची शाई जरासुद्धा फुटली नव्हती. खरवडलं म्हणावं तर कागदाचा एक धागा उसकटलेला नाही. लिहिलेलं होतं आणि नव्हतं. माझं डोकं भणभणायला लागलं.

३

मनात एकच नाव येत होतं. शिपाई म्हणाला, हे कपाट शनिवारी उघडलं होतं. सुट्टीचा दिवस, पण छत गळायला लागलं म्हणून मनस्वीने येऊन कचेरी उघडली होती, आणि तिच्या पाठोपाठ आले होते प्रविणशेठ.

त्यांना मी व्हरांड्यात गाठलं.

"शेठ, शनिवारी इथे काय काम काढलं होतं?"

"छत बघायला आलो होतो. छताचं काम माझ्या मेव्हण्याकडे आहे."

"गटाराचं?"

"मेव्हण्याकडे."

"आणि कचरागाडी?"

"काकू, टेंडर भरून घेतलंय सगळं," ते हसून म्हणाले. "तुमचा रोख कळतो मला. पण जरा डोकं लावा. मला हरकती नको असत्या, तर या अकरा कशाला ठेवल्या असत्या? आणि एकेक अक्षर पुसत बसायला मला दुसरे उद्योग नाहीत? अख्खा गठ्ठा गळक्या छताखाली ठेवला असता, रविवारपर्यंत लगदा."

मला त्या माणसाचा संताप आला, आणि सगळ्यात जास्त संताप याचा आला की तो बरोबर बोलत होता. चोर अर्धी चोरी कशाला करेल? आणि अकराच बरोबर वगळून? ते अकरा अर्ज मी पुन्हा बघितले. ज्याने त्याने घरून लिहून आणलेले, प्रत्येकाचं पेन वेगळं, एक तर चक्क हिरव्या शाईतला. ते त्याच गठ्ठ्यात होते, त्याच कपाटात, तितकेच कडक आणि कुरकुरीत. त्यांच्यावरचं अक्षर मात्र जागच्या जागी.

म्हणजे जे झालं ते त्रेसष्ट कागदांना सारखंच झालं होतं, पण गेलं फक्त निशिगंधाने लिहिलेलं. इथे माझा गोंधळ पराकोटीला पोचला. तिच्या हातात दोष होता की काय?

बारा वाजले. वीज गेली, पंखे थांबले. मी निशिगंधाला शोधायला निघाले.

४

मीठपाड्याची माणसं अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली बसली होती. निशिगंधा त्यांच्यातच, पण तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी होती. जिच्या शब्दावर बावन्न जणांनी अंगठे दिले, तिच्या शेजारी आज कोणी बसायला तयार नव्हतं.

"चल गं, चहा घेऊ," मी म्हटलं आणि तिला आतल्या बाकावर नेलं. "आता पहिल्यापासून सांग. काहीही गाळू नकोस."

"आधी मी साध्या बॉलपेनने लिहिलं होतं, काकू. वीस अर्ज आणले तर मनस्वीने परत केले. ती पाटी बघा."

भिंतीवर पाटी होती: 'खाडाखोड असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.' सही मुख्याधिकारी.

"आता माणूस बोलतो ते काय एका दमात बोलतो का? काळूकाका म्हणायचे, असं लिही. मग म्हणायचे, नको, तसं लिही. धोंडुबाई तर चार ओळी सांगायची आणि चारही काढायला लावायची. खाडाखोड होणारच. म्हणून पेणला जाऊन दुकानदाराला विचारलं, खोडलेलं दिसणार नाही असं काही आहे का? त्याने हे दिलं."

तिने पर्समधून पेन काढलं. निळं, मागच्या टोकाला रबराचं बोंडूक. "शाळेतली पोरं वापरतात. खोडलं की डाग राहत नाही."

"लिहून दाखव."

मी बाटलीसोबत आणलेल्या तक्रार अर्जाची मागची बाजू कोरी होती. तिने त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमची या जागेला सक्त हरकत आहे.' अक्षर देखणं, मास्तरणीचं. तेवढ्यात चहा आला. वाफाळता स्टीलचा ग्लास मला हातात धरवेना, म्हणून मी तो पटकन समोर होता त्या कागदावर टेकवला.

"मला काढून टाकतील, काकू," ती म्हणाली. "त्याचंही एक वेळ चालेल. पण ती माणसं मला लबाड समजतायत. काळूकाकांनी सकाळपासून माझ्याकडे बघितलं नाही." आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. धीर द्यायला माझ्याकडेच काही नव्हतं.

चहा पिण्यासाठी मी ग्लास उचलला. कागदाकडे लक्ष गेलं आणि मी ग्लास तसाच बाजूला ठेवला.

कागदावर लिहिलेलं होतं, 'आमची या ... हरकत आहे.' मधल्या गोल जागेत काही नव्हतं.

५

"उष्णतेने जाते!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की साहेब केबिनमधून बाहेर आले.

निशिगंधाने पेनाचं पाकीट शोधून काढलं आणि त्यावरचा मुंगीएवढा मजकूर मोबाईलच्या उजेडात वाचला. साठ अंशांच्या वर ही शाई दिसेनाशी होते. रबराने घासलं की तेवढीच उष्णता तयार होते, म्हणून खोडलं जातं. आता अकरा अर्जांचं कोडं सुटलं. त्यांची शाई साधी होती, शिक्क्याची आणि अंगठ्याचीही साधी. उष्णता सगळ्यांना लागली, गेली ती एकच शाई.

पण साठ अंश, ते जुलै महिन्यात, गळक्या छताखालच्या कपाटात? तिथे बुरशी धरते. म्हणजे कागद कपाटातून बाहेर गेले होते. कुठे? आणि तेव्हा मला पदराला पुसलेली ती पांढरी भुकटी आठवली. पदर बघितला. मूर्तींचं प्लास्टर! आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला ती ओळखायला अर्धा दिवस लागावा, कपाळ माझं!

मी मनस्वीच्या टेबलासमोर खुर्ची ओढली.

"हमरापूरला तुझ्या सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना आहे ना?"

"हो."

"या दिवसांत ऊन नसतं. मूर्ती कशा वाळवता?"

तिने स्टेपलर बाजूला सारला.

"हॅलोजन लावून," मीच म्हटलं. "मोठे दिवे, रांगेने. शनिवारी कपाटात पाणी शिरलं. गठ्ठा ओला झाला. सोमवारी साहेब ओरडतील, कंत्राट जाईल. तुझ्या घरात ओली वस्तू वाळवायची एकच रीत आहे. खरं ना?"

"खालच्या कागदांच्या कडाच ओल्या झाल्या होत्या, काकू," ती रडत म्हणाली. "पण मी सगळेच नेले. पिशवीत घालून. मूर्तींच्या फळीवर पसरले आणि दिवे लावले, गणपती वाळवतो तसेच. रविवारी सकाळी बघते तर कोरे. मला वाटलं मला वेड लागलं. वाटलं देवाचा कोप झाला. कोणाला सांगणार? ऑफिसचे कागद घरी नेले म्हटल्यावर पहिली मीच आत."

दुसऱ्या कुठल्या गावात कोणाला सरकारी कागद गणपतीच्या फळीवर वाळवायची बुद्धी झाली नसती. मला हसावं की रडावं कळेना. पण रागही आलाच.

"आणि ही पोर तुझ्यासमोर लबाड ठरत होती, तेव्हा तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस!"

"चुकलं," ती म्हणाली आणि उठून थेट निशिगंधाचे हात धरले. निशिगंधाने ते सोडवून घेतले नाहीत.

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "कारण कळलं, काकू. पण सुनावणीत मला मजकूर लागतो. कोऱ्या कागदावर मी काय वाचू?"

"पाकिटावर पुढे आहे," निशिगंधा म्हणाली. "उणे दहा अंशांपर्यंत गार केलं तर शाई परत दिसू शकते."

सगळे आनंदले, पण गार करायचं कशात? वीज बारापासून गेलेली. बाजारातल्या आइस्क्रीमवाल्याचा फ्रिज बंद, पेणच्या रस्त्यावर पाणी आलेलं. मासेवाल्यांचा बर्फ होता, पण बर्फ शून्याला थांबतो. दीड वाजून गेला होता.

दारातून काळुराम खाकरला. "साहेब, नुसता बरफ नाय चालायचा. त्यात मीठ टाका. लग्नाचे पंगतीला आमी हातानं आइसक्रीमचा पॉट फिरवायचो, तवा आमचाच खडा मीठ लागायचा. बोट घातला तं बोट मरायचा." तो निशिगंधाकडे वळला. "किती मीठ पायजे, बाय? सांग."

६

चार पोती आली. अंगणात दोन मोठे टब मांडले, बर्फ फोडला, खडेमीठ ओतलं. कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मधे पुरले. पाडा सगळा भोवती उभा. पाऊण तास कोणी हललं नाही.

काळुरामने पहिली पिशवी काढली. कागदावर फिकट निळसर रेघा दिसत होत्या. मग अक्षरं दिसली, मग ओळ. निशिगंधाने ती वाचली आणि तिचा आवाज फुटला. "आला!" काळुराम ओरडला. "बायचा हात हाय ता! मी बोललू नवता?" बोलला नव्हता तो, पण त्या घटकेला कोण चुका काढतो! बाया निशिगंधाच्या गळ्यात पडल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

फक्त धोंडुबाई लांब उभी होती. सत्तरीची विधवा बाई. सगळे हसत असताना ती पदराचं टोक पिळत होती.

कारण निशिगंधाच्या आधी मला कळलं. तिच्या कागदावर ओळींवर ओळी चढल्या होत्या. वर व्यवस्थित मजकूर आणि खालून दुसराच डोकावणारा. थंडीने शाई परत आली ती सगळीच. जे गेलं होतं तेही, आणि जे खोडलं होतं तेही.

चारला सभागृहात सुनावणी सुरू झाली. साहेब एकेक हरकत वाचत होते, मनस्वी नोंदवत होती. प्रविणशेठ समोरच बसले होते, तोंड कडू करून. सदतिसाव्या कागदावर साहेब अडखळले.

"'सदर जागा आरोग्यास अपायकारक आहे.' आणि याखाली काहीतरी... 'कचरागाडी दिवाळीपासूनच...'"

"सर, ते नका वाचू!" निशिगंधा उठली. "ते त्यांनी खोडायला सांगितलं होतं."

"खोडलेलं ग्राह्य नाही!" प्रविणशेठही उठले. इतक्या चपळाईने मी त्यांना कधी उठलेलं पाहिलं नव्हतं.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "बरोबर आहे. खोडलेलं मी वाचू शकत नाही. हरकत देणाऱ्याने स्वतः सांगितलं तरच. धोंडुबाई कोण?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. धोंडुबाई भिंतीशी बसली होती. तिने साहेबांकडे बघितलं नाही, शेठकडेही नाही. ती दाराकडे बघत होती. तिथे तिचा मुलगा जगन उभा होता. शेठच्या मेव्हण्याच्या कचरागाडीचा ड्रायव्हर. त्याची मान खाली होती.

मी आयुष्यभर कागद सांभाळले. कागदामागचं माणूस इतक्या जवळून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला वाटलं, नको बोलू बाई, तुझ्या घरात तो एकच कमावता आहे. आणि लगेच वाटलं, बोल.

धोंडुबाई भिंतीला हात लावून उभी राहिली.

"वाचा, साहेब. मीच बोललू व्हती. गाडी दिवाळीपासनं आमचे खारात कचरा ओतते. माझाच पोर ओततो, शेठ सांगतो म्हनून. त्याचे पोटासाठी मी खोडाया लावला." तिला धाप लागली. "उद्या त्याला काम नाय, ता मना ठाव हाय. पन त्या विहिरीचा पानी त्याचीच पोर पिते. तिचा पोट चार महिने दुखतंय. ता पन लिवा."

प्रविणशेठनी जगनकडे बघितलं, नुसतं बघितलं. जगनने मान वर केली, चपला दारात काढल्या, सगळ्यांच्या मधून वाट काढत आत आला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसला.

"माझापन खालचा वाचा," मागून काळुराम म्हणाला. मग आणखी एक बाई उठली. मग दोघे.

साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि खालची ओळ पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.